पाहण्याचा अधिकार

एखादी वस्तू सुंदर आहे, एवढ्यावरून ती पाहण्याचा अधिकार मनुष्यास प्राप्त होतो काय? प्रश्न वरवर विचित्र वाटेल. तोडणे, उचलणे, डांबून ठेवणे यांत अपराध संभवतो. नुसत्या पाहण्याने कोणाचे काय जाते, असे आपण सहज म्हणतो. परंतु समुद्रतळाशी राहणाऱ्या इवल्या जीवांची जवळून छायाचित्रे घेण्याची जी कला अलीकडे बहरास आली आहे, तिचा विचार करू लागले म्हणजे हे उत्तर तितकेसे सोपे राहत नाही.

या कलेचा इतिहास फार जुना नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथे लुई बूताँ या जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पुढे १९२६ मध्ये विल्यम लाँगली व चार्ल्स मार्टिन यांनी फ्लॉरिडाच्या ड्राय टॉर्टुगास बेटांजवळ माशांची रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा पाण्यात पुरेसा प्रकाश उतरावा म्हणून त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवावा लागे. एका माशाच्या चित्रासाठी समुद्रावर लहानशी वीजच पाडावयाची म्हणा ना! आज तेच काम हातात धरावयाचा दिवा करतो, आणि नखाएवढा जीव पानभर मोठा होऊन आपल्या पुढ्यात येतो.

अशा जीवांपैकी बार्गिबाँचा समुद्रघोडा हा छायाचित्रकारांचा विशेष लाडका. त्याची लांबी अवघी २ सेंटीमीटरच्या आसपास. समुद्रपंखा नावाच्या प्रवाळाच्या फांदीला शेपटीने विळखा घालून तो राहतो, आणि अंगावरील गाठी व रंग त्या प्रवाळाशी इतके मिळतेजुळते असतात की पाहणारा फसावा. १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्गिबाँ यांनी संग्रहालयासाठी एक समुद्रपंखा काढून आणला, तेव्हा कोठे त्यावर बसलेली ही जोडी त्यांच्या दृष्टीस पडली. दिसू नये हाच ज्याच्या जगण्याचा आधार, त्याला पाहण्यासाठी आता दूरदूरच्या देशांतून माणसे पाण्यात उतरतात.

आता छायाचित्रकाराची अडचण पाहा. समुद्रघोड्याला प्रकाश रुचत नाही. तो पाठ फिरवितो. त्या खोलीवर पाणबुड्यास फार वेळ थांबता येत नाही, हवा संपत आलेली असते, आणि मागे दुसरे पाणबुडे खोळंबलेले असतात. अशा वेळी हातातील काठीचे टोक फांदीला किंचित लावले की त्याचे तोंड इकडे वळते. घरी परतल्यावर चित्रात काठी दिसत नाही. दिसतो तो केवळ आपल्याकडे पाहणारा एक गोजिरवाणा प्राणी.

बरेच दिवस दोष दिला जाई तो दिव्याला. परंतु २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तळाशी राहणाऱ्या माशांवर दिव्याच्या लखलखाटाचा परिणाम माणसाच्या नुसत्या उपस्थितीहून अधिक होत नाही. तपासलेल्या समुद्रघोड्यांच्या डोळ्यांसही त्यामुळे इजा झालेली दिसली नाही. मासे खरोखर बिथरले ते स्पर्शाने. या निष्कर्षात मला मोठा नीतिबोध दिसतो. दिवा जे आहे ते दाखवितो. हात जे नाही ते घडवून आणू पाहतो. पाहण्याची इच्छा निर्दोष असते, पण जे दिसले तेवढ्यावर समाधान न मानण्याची वृत्ती तिला चिकटली की तिचे रूपांतर बळजबरीत होते.

यावर कोणी म्हणेल, ही चित्रे नसती तर या जीवांविषयी आपणांस ममता कशी वाटली असती? जे पाहिलेच नाही त्याचे रक्षण कोण करणार? हा आक्षेप खरा आहे, व तो मी मान्य करतो. बार्गिबाँ यांनी तो पंखा काढला नसता तर या प्राण्याचे नावही आपणांस ठाऊक नसते. परंतु ज्ञानासाठी एकदा घेतलेली वस्तू आणि वाहवेसाठी दररोज दिलेला त्रास यांस एकाच तराजूत घालता येत नाही. शिवाय ममतेचा दाखला देणाऱ्याने प्रथम ती त्या प्राण्याविषयी दाखविली पाहिजे. ज्याच्यावर माया आहे त्याला गाढ झोपेतून केवळ चित्रासाठी कोण उठवील?

या व्यवहारात आपण घरी बसून चित्रे पाहणारेही अगदी अलिप्त नाही. पाठमोऱ्या समुद्रघोड्याच्या चित्रावरून आपण झरकन पुढे जातो, आणि डोळ्यास डोळा भिडविणाऱ्या चित्रापाशी थबकतो. काठी पाण्यात दुसऱ्याच्या हाती असते खरी, पण तिला टोचावयास लावणारी हौस पुष्कळदा आपली असते.

पंढरीस पंधरा-वीस दिवस पायी चालत गेलेला वारकरी गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोहोचला नाही, तर कळसाचे दर्शन घेऊन माघारी फिरतो, आणि आपली वारी वाया गेली असे म्हणत नाही. दर्शन हे मिळावयाचे असते, ओढून घ्यावयाचे नसते, ही जाण आपल्या लोकांस परकी नाही. समुद्राच्या तळाशी जाऊन ज्याला पाठ फिरविलेला एक इवला जीव दिसला, आणि जो त्याला तसाच सोडून वर आला, त्याच्या हाती कदाचित चित्र नसेल; परंतु पाहण्याचा अधिकार जर कोणाचा असेल, तर तो त्याचाच.