वेतन आणि प्रीति

गांवच्या शाळामास्तरास किंवा उपदेशकास एक टोमणा पुष्कळदां ऐकावा लागतो: "पगार मिळतो, म्हणून तुम्ही हें करितां." वेतन घेणाराची प्रीति खोटी असते काय, ह्याचा विचार आम्ही आज एका खेळाडूच्या उदाहरणानें करूं इच्छितों.

इंग्लंडांत पूर्वीं क्रिकेट खेळणारांचे दोन वर्ग असत. एखादा बॅरिस्टर, मग तो इंग्लंडचा असो वा आयर्लंडचा, कोर्टाचें काम सांभाळून हौसेनें खेळे, तो गृहस्थ. दुसरा मजुरीवर खेळे, तो धंदेवाईक. कित्येक मैदानांवर दोघांचे दरवाजे निराळे असत. हा भेद १९६२ सालीं रद्द झाला. परंतु पाहा, तोच बॅरिस्टर कोर्टांत फी घेई, आणि तेवढ्यावरून त्यास न्यायाची चाड नाहीं असें कोणी म्हणत नसे. मग चेंडू टाकणारानें मजुरी घेतली तर त्याचीच प्रीति खोटी कां? तो भेद प्रीतीचा नव्हताच; घरीं धान्य असणें व नसणें, ह्याचा होता.

विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें एका ख्रिस्ती शाळामास्तराच्या घरीं झाला. सांगली तेव्हां पटवर्धनांचें संस्थान होतें. १९४९ सालीं तें गांव दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, व १९६० पासून त्या जिल्ह्यास सांगली हेंच नांव आहे. आठ भावंडांच्या घरांतील मुलास फुकट खेळण्याची चैन कोठून परवडावी? हजारे संस्थानी नोकरींत राहून बडोद्याकडून खेळले, आणि लँकेशायरांतील क्लबांकडून वेतन घेऊनहि खेळले.

आतां त्यांचें काम पाहूं. १९४३-४४ च्या हंगामांत मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ख्रिस्ती वगैरे मंडळींचा 'इतर' संघ हिंदु संघाशीं अंतिम सामना खेळला. इतरांच्या दुसऱ्या डावांत ३८७ धांवा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्यांचे बंधु विवेक समोर टिकून राहिले. दोघांनीं मिळून ३०० धांवा जोडल्या, त्यांत विवेक ह्यांच्या केवळ २१. सामना तरी हरलाच. १९४८ च्या जानेवारींत ॲडिलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध हजाऱ्यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं, ११६ व १४५. तोहि सामना हरला. पुढें १९५२ सालीं मद्रासेस भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार हेच होते. ते २००४ सालीं निवर्तले.

वाचकहो, पराभव समोर दिसत असतां दिवसभर उभें राहणें हें कोणत्या पगारांत बसतें? वीस धांवांवर बाद होऊनहि नोकरी राहिलीच असती. आणि विवेक ह्यांच्या एकवीस धांवांस तर टाळ्याहि थोड्याच.

तथापि तो टोमणा सर्वस्वीं खोटा आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. आम्हीहि वेतन घेतों. पावसाळ्यांत ओढा भरला म्हणजे पलीकडच्या वस्तीवर न जाण्यास सबब सांपडली, असें आमच्याहि मनांत आलें आहे. वेतन हें पाप नव्हे. तें पोटाची काळजी दूर करून दिवस मोकळा करितें. पण जो तास कोणी मोजीत नाहीं, त्या तासांत आम्ही काय करितों, तेथें प्रीतीची परीक्षा होते. टोमण्यास तोंडानें उत्तर देऊं नये. ओढा उतरला कीं पलीकडे जावें.