भिंतीवरचा कागद



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ४७ वा. तुझा अधिकार कर्मावर, फळावर नाही. हे टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर इतक्यांदा वाचलंय की आता कानात शिरतच नाही. म्हणून आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ.

एर्नेस्त पिन्यों-एर्नेस्त. फ्रेंच चित्रकार, जन्म १९४२, गाव नीस. हा माणसांची हुबेहूब, पुरुषभर उंचीची चित्रं काढतो, कागदावर छापतो आणि शहराच्या भिंतींवर चिकटवतो. बरेचदा रात्री, परवानगी न घेता. १९७८ मध्ये त्याने पॅरिसच्या भिंतींवर कवी रँबो उभा केला. १९८८ पासून नेपल्सच्या जुन्या गल्ल्यांत काराव्हाज्जोच्या चित्रांतल्या आकृत्या लावल्या.

(दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता चिकटवणं योग्य का? मला पटकन हो म्हणवत नाही. पण आजचा मुद्दा तो नाही.)

मुद्दा कागदाचा आहे. वर्तमानपत्राचा असतो ना, तसला साधा, पातळ. ऊन लागतं, पाऊस लागतो, कुणीतरी ओरबाडतं. चित्र जाणार हे त्याला आधीच माहीत असतं. तरी तो आधी ती गल्ली पायाखाली घालतो, उजेड कसा पडतो ते बघतो, तिथे पूर्वी काय घडलं ते शोधतो. मग चित्र काढतो, आणि बोटाच्या पेरातही कसूर ठेवत नाही. योगीबिगी म्हणत नाहीये मी त्याला. फोटो काढून ठेवतोच की तो!

आपण मात्र ‘फळाची अपेक्षा नको’चा अर्थ ‘जमेल तसं करू’ असा लावतो. श्लोकाचा शेवटचा चरण आपण वाचतच नाही. तिथे भगवंत म्हणतात, काही न करण्याचीही ओढ नको.

माझंच सांगते. गेल्या एकादशीला पेटीवर अभंग वाजवून व्हिडिओ टाकला. दोन तासांत अकरा लाईक्स. काढून टाकला. त्यानंतर दोन आठवडे पेटी उघडलीच नाही. आईने विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं, “अगं, फळाची आसक्ती सोडली.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “फळ सोडलंस की पेटी?”

आज संध्याकाळी भाता उघडला. दमटपणाने एक पट्टी अडकतेय. व्हिडिओ नाही काढला.

उद्या श्लोक ४८.