अपक्षय आणि त्याचा कर्ता

यास्काचार्यांनी 'निरुक्ता'त वार्ष्यायणींचे मत देऊन अस्तित्वात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे सहा विकार सांगितले आहेत: जन्म, स्थिति, परिणाम, वृद्धि, अपक्षय आणि विनाश. यांतील पाचवा विकार विशेष मननीय आहे. विनाश सर्वांस दिसतो. अपक्षय हा हळूहळू होणारा ऱ्हास असल्याने बहुधा विनाश दाराशी आल्यावरच ओळखू येतो.

बंगळूर नगराचे उदाहरण घ्यावे. या नगरास मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी तळी बांधिली आणि एकाचे वाहते पाणी दुसऱ्यास मिळेल अशी त्यांची साखळी जोडिली. त्यांपैकी बेळ्ळंदूरच्या विस्तीर्ण तळ्यावर २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी आग भडकली, तेव्हा पाण्याच्या ठायी अग्नि पाहून लोक विस्मित झाले. वस्तुतः विस्मयाचे कारण नव्हते. नगर वाढत होते आणि घरोघरचे सांडपाणी, साबणाचा फेस व केरकचरा वर्षानुवर्षे त्या तळ्याकडे जात होता. नगराची वृद्धि हाच तळ्याचा अपक्षय ठरला.

येथे या शब्दाच्या उपयोगाविषयी सावध राहिले पाहिजे. देहाचा अपक्षय हा निसर्गधर्म आहे; त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. परंतु 'तळ्याचा अपक्षय झाला' असे म्हणताच करणारा वाक्यातून निघून जातो, आणि मनुष्याचे कृत्य कालाच्या माथी बसते. माझ्या एका घागरीने काय होणार, असे जो तो म्हणतो. त्या घागरींचाच पूर होतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून सर्वनाशापर्यंतच्या पायऱ्या सांगताना भगवंतांनी ही पळवाट ठेविलेली नाही. तेथे पहिल्याच पायरीवर चिंतन करणारा पुरुष उभा आहे. संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश हे सर्व त्यापासून क्रमाने येते. पहिली पायरी इतकी लहान की तिला कोणी पाप म्हणणार नाही. पण पाऊल मागे घेणे सर्वांत सुलभ तेथेच असते.

म्हणून अपक्षय हा शब्द हताशेने सुस्कारा टाकण्यासाठी नव्हे, वेळीच जागे होण्यासाठी वापरावा. विनाशानंतर शोक तेवढा उरतो. अपक्षयाच्या काळी कर्तव्य शिल्लक असते. 'ऱ्हास होत आहे' असे म्हणताना 'आणि त्यात माझा वाटा इतका आहे' हे उत्तरार्धाचे वाक्य ज्याने जोडिले, त्याच्यापुरता तरी तो ऱ्हास थांबू लागला असे समजावे.