पत्र्याची पेटी

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही नवराबायको नॉर्वेत मोटारीने हिंडत होतो. हार्डांगर भागात, लोफ्टहुस गावाजवळचा रस्ता. एका अंगाला खाडीचे निळे पाणी, पलीकडे फोल्गेफोन्नाचे बर्फ, अलीकडे फळांनी लवलेल्या चेरीच्या बागा. एका वळणावर लाकडी टेबल दिसले. त्यावर चेरीचे डबे, किमतीची पाटी आणि पत्र्याची पेटी. माणूस मात्र कोणीच नाही.

“अहो, पैसे घ्यायला कोणी नाही!” हिने आश्चर्याने म्हटले.

दोन डब्यांचे एकशेवीस क्रोनर झाले. माझ्या खिशात शंभराची एकच सुटी नोट होती. ती पेटीत टाकली आणि निघालो. पण ते राहिलेले वीस क्रोनर काही केल्या मनातून जाईनात. पुढच्या पेट्रोलपंपावर पाचशेची नोट मोडून घेतली, गाडी वळवली आणि पेटीत वीस क्रोनर टाकून आलो, तेव्हा कोठे चेरी गोड लागली. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

हिने हसत विचारले, “आणि परवा पुण्यात बसचा कंडक्टर गर्दीत आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही, तेव्हा?”

मी निरुत्तर झालो. तेव्हा मी गुपचूप उतरलो होतो, वर तिकिटाचे पैसे वाचले म्हणून मनात सुखावलोही होतो. मग आजचा हा प्रामाणिकपणा कोणाचा? माझा, की त्या पेटीचा?

या देशात १९५७ सालचा एक कायदा आहे. न कसलेली मोकळी जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिच्यावरून कोणीही पायी हिंडावे. राहत्या घरापासून १५० मीटर दूर तंबूही ठोकावा. नासधूस मात्र करू नये. येथे विश्वास आधी मिळतो, परीक्षा मागाहून. अशा ठिकाणी चांगले वागण्यात माझे असे काय मोठे कर्तृत्व?

दुसऱ्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरचा लार्दालचा बोगदा ओलांडून बोर्गुंडला गेलो. तेथले लाकडी चर्च ११८० च्या सुमाराचे. त्याहून जुन्या चर्चांचे खांब जमिनीत पुरलेले असत, ते कुजून गेले. याचे खांब दगडी बैठकीवरच्या तुळयांवर उभे आहेत, म्हणून ओल वर चढली नाही. पण तेवढ्याने भागले नाही. पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर त्याला पुनःपुन्हा फासावे लागते. त्याचा उग्र वास अजून नाकात आहे.

तेथे उभा असताना मला माझ्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे सापडले. माणसाचा चांगुलपणाही लाकडासारखाच. पायाखालचा दगड समाजाने द्यावा. तो नसेल तर भलेभले कुजतात. पण डांबराचा हात ज्याचा त्यानेच द्यायचा, आणि तोही एकदाच देऊन चालत नाही. दगड मिळाला नाही, ही माझी तक्रार खरी असेल. पण डांबराचा डबा तर माझ्याच हातात होता ना?

पुण्यास परतल्यावर एकदा पुन्हा तशीच गर्दीची बस मिळाली. उतरण्यापूर्वी मी माणसांतून वाट काढीत कंडक्टरपर्यंत गेलो आणि दोन तिकिटे मागितली. तो वैतागून म्हणाला, “आता उतरताना?”

ही खिडकीबाहेर पाहत हसत होती.