थकीत खातं

परदेशी जाताना भाच्याने मला ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा दिला. बरगड्या मोजून घ्याव्यात, असा! अंग तापल्याशिवाय या प्राण्याला अन्न पचत नाही, आणि काचेआडच्या उन्हाने त्याच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून विंचूरच्या थंडीत रोज सकाळी मी त्याला घेऊन अंगणात बसतो. बँकेत लेटमार्क!

“भाच्याचं पाप तुम्ही का फेडायचं?” बायकोने विचारलं.

बदली झालेल्या कारकुनाची अर्धवट कामं आमच्याच टेबलावर येतात. चूक कोणाची, याच्याशी खातेदाराला काय कर्तव्य? दोषाचा हिशेब मार्चअखेर होईल. भूक आजची आहे.

काल त्याने नाकतोडा खाल्ला. “अहो, खाल्लं हो त्यानं!” असं गल्लीभर ओरडली, ती बायकोच.