लाईट गेली!



'लाईट' हा इंग्रजी शब्द आपण केव्हाच मराठी करून टाकला आहे. मुळात त्याचा अर्थ प्रकाश, आणि हलका असाही. आपण मात्र विजेलाच लाईट म्हणतो. भरदुपारी पंखा थांबला तरी 'लाईट गेली'! आणि कोणाचे दुःख मनावर घ्यायचे नसले की म्हणतो, 'लाईटली घे.'

आपल्या शिळफाट्याजवळ, खोपोलीत, टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खाली आले, जनित्रे फिरली आणि वीज गेली ती दूर मुंबईच्या गिरण्यांना. लाईट इथे तयार झाली, पण दुसऱ्यांसाठी.

आता आपल्या घरची गोष्ट. लाईट गेली की आपण आधी खिडकीतून पाहतो, शेजारी आहे का? त्यांचीही गेली असली तर हायसे वाटते. त्यात गैर नाही. बिघाड आपल्या घरात नाही, एवढे कळते. पण फक्त शेजाऱ्याचीच गेली असेल तर? तेव्हाही हायसेच वाटते, आणि आपण टीव्हीकडे वळतो. शेजाऱ्याचे आजारपण, गेलेली नोकरी हेही आपण असेच 'लाईटली' घेतो.

दिवा मापाखाली नको, दिवठणीवर ठेवा, म्हणजे घरातल्या सर्वांना उजेड मिळेल, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय ५:१५). ते घर आपल्या चार भिंतींपुरतेच आहे का?

या आठवड्यात अंधार असलेले एक दार आपण वाजवू या.