डाग आणि गोंदण

आज एकच फोटो पाहूया. सावकाश. घरात कागदावरचा जुना फोटो असेल तर तो हातात घ्या. नसेल तर आठवणीतला एखादा डोळ्यांसमोर आणा. खांदे सैल सोडा. एक श्वास आत, एक श्वास बाहेर. आत्ता काही दुरुस्त करायचं नाही. फक्त बघायचं.

मी संगणकावर फोटो दुरुस्त करायला शिकते आहे. गेले सहा महिने रोज संध्याकाळचे दोन तास यातच जातात. माझ्यासमोरचा फोटो पणजीचा आहे, म्हणजे आजीच्या आईचा. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा, कैक वर्षं बिस्किटाच्या डब्यात पडून राहिलेला. एका कोपऱ्याला कसर लागली आहे. मधोमध घडी पडली आहे आणि ती नेमकी गालावरून गेली आहे. पणजी नऊवारी नेसून खुर्चीवर बसली आहे. हात मांडीवर, पण बोटं आवळलेली. कॅमेऱ्यासमोर बसायची तिला सवय नसावी.

तुमच्या फोटोतल्या माणसाचे हात कुठे आहेत? बघा. घाई नाही.

आता जवळ जाऊया. मी पडद्यावर झूम वाढवते. शंभर टक्के, दोनशे, आठशे. डोळा विरघळत जातो आणि नुसते करडे चौकोन उरतात. हे पिक्सेल. कृष्णधवल फोटोत एकेका चौकोनाला एकच आकडा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, आणि सगळा चेहरा या दोघांच्या मधे. पणजीच्या बुबुळात एक ठिपका २४० च्या आसपास आहे. त्या दिवशी तिच्यासमोर असलेल्या उजेडाचा तो ठिपका. दिवस गेला, पणजी गेली, उजेडाचा आकडा राहिला.

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा एक फोटो स्कॅन करून संगणकात घेतला. आडवे १७६ चौकोन, उभे १७६. सगळे मोजले तर एकतीस हजारही भरत नाहीत. फोटो कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा होता. यंत्राला पहिल्यांदा काही दाखवायची वेळ आली, तेव्हा बापाने आपलं बाळ दाखवलं. इथे जरा थांबा. एक श्वास घ्या. आपणही यंत्रापुढे आपलंच माणूस ठेवतो आहोत.

वर्गात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली: मूळ चित्राला हात लावायचा नाही. त्यावर नवा लेयर घ्यायचा आणि काम त्या लेयरवर करायचं. चित्रावर काच ठेवावी आणि काचेवर रंगवावं, तसं. खालचं चित्र कुलूपबंद राहतं. फोटोशॉप १९९० साली आलं, पण त्यात लेयर आले १९९४ मध्ये. तोवर केलेला बदल चित्रातच मुरून जायचा.

गालावरची घडी मी क्लोन स्टॅम्पने काढली. हे साधन नवं काही निर्माण करत नाही. आधी त्याला दाखवावं लागतं की कुठून घ्यायचं, मग कुठे लावायचं. म्हणजे एक जागा भरायची तर दुसऱ्या जागेकडून उसनं घ्यावं लागतं. गालासाठी मी गालाचाच शेजारचा तुकडा घेतला. घडी मिटली. हात बसला तसा हुरूपही आला. मग कसर, मग बुरशीचे ठिपके, मग कपाळावरचे दोन-तीन डाग. सगळं स्वच्छ केलं आणि आजीला बोलावलं.

आजी पडद्याजवळ वाकली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "छान केलंस गं पोरी. पण आईचं गोंदण कुठं गेलं?"

आठशे टक्क्यांवर ते मला डागासारखंच दिसलं होतं. यंत्राला तर डाग आणि गोंदण दोन्ही सारखेच, दोन्ही आकडेच. फरक फक्त आजीला माहीत होता. मी लेयरशेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं. वरची काच बाजूला झाली आणि कपाळावरचे ते तीन ठिपके परत आले. त्या संध्याकाळी आजी आईबद्दल बोलत बसली. जत्रेत गोंदून घेताना ती कशी रडली होती, आणि नंतर तेच गोंदण कसं मिरवायची, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आता पुन्हा तुमच्या फोटोकडे या. त्यातली एखादी खूण शोधा आणि स्वतःला विचारा: ही खूण कागदाची, की माणसाची? घडी, ओल, बुरशी, कसर या कागदाच्या. देवीचे व्रण, उन्हाने रापलेली मान, कपाळावरच्या आठ्या या माणसाच्या. कागदाला झालेलं पुसावं. माणसाला झालेलं राहू द्यावं. सहा महिन्यांत साधनं पुष्कळ शिकले, पण त्यांच्याआधी शिकायला हवं होतं ते हे.

एक शेवटचा श्वास घ्या. फोटो उलटा करा. मागे नाव नसेल तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने ते लिहा. आणि त्या माणसाला ओळखणारं कुणी अजून घरात असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. फोटो त्यांच्या हातात द्या आणि ते काय सांगतात ते ऐका. संगणक त्यानंतर सुरू करा.